‘क्ष’ची किंमत

बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असतानाची एक हकीगत धनंजय कीरांच्या चरित्रामुळे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. शिक्षकांनी एक उदाहरण सोडवण्यासाठी भीमरावांना फळ्यापाशी बोलावले. त्याबरोबर वर्गात गिल्ला झाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. भीमराव फळ्यापर्यंत पोहोचायच्या आत मुलांनी धावत जाऊन ते डबे बाजूला फेकले. हा प्रसंग आपण सभांतून सांगतो तो अस्पृश्यतेचा दाखला म्हणून. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. फळ्याच्या मागे अन्न होते आणि फळ्यावर गणित होते. मुलांनी अन्न वाचवले. गणित वाचवावे असे त्यांना वाटले नाही, कारण गणिताला आमच्या स्पर्शापासून जपण्याची व्यवस्था त्याआधीच कित्येक शतके चोख चालू होती.

आपल्या साहित्याने अक्षराचा इतिहास लिहिला. आपल्या आत्मकथनांत पाटी आहे, गोणपाट आहे, वर्गाबाहेरची जागा आहे, छडी आहे. वाचायला येऊ लागले त्या दिवसाचे वर्णन जवळजवळ प्रत्येकात आहे. अंकाचा इतिहास मात्र आपण लिहिलेला नाही. गणित म्हटले की आपले लेखकही हसून पुढे जातात. ‘गणितात आम्ही कच्चेच’ हे वाक्य आपल्याकडे जातीच्या दाखल्यासारखे मिरवले जाते. मी महाविद्यालयात गणित शिकवतो. माझ्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. गेली काही वर्षे बारामती तालुक्यातल्या पणदरे गावी समाजमंदिरात, संध्याकाळी, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा वर्ग घेतो. कारखान्यातून, औद्योगिक वसाहतीतून, उसाच्या रानातून सुटून ही माणसे येतात. मराठी, इतिहास, भूगोल त्यांना झेपतात. अडतात ती बीजगणितापाशी. तेव्हा हे बीजगणित आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आले आणि वाटेत कोणी कोणी अडवले, हे पाहिले पाहिजे.

वाटेची सुरुवात आपल्याच मुलखात आहे. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ इ. स. ११५० मध्ये लिहिला. त्याच्या चार भागांपैकी एकाचे नावच ‘बीजगणित’. त्यात अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हटले आहे. एकाहून अधिक अज्ञात आले की दुसऱ्याला कालक, तिसऱ्याला नीलक, मग पीतक, लोहितक, अशी रंगांची नावे. म्हणून प्रकरणांची नावे एकवर्णसमीकरण आणि अनेकवर्णसमीकरण. वर्ण म्हणजे इथे रंग. पण हा शब्द वाचताना आपल्या माणसाची जीभ क्षणभर अडखळते. ज्या समाजात अनेक वर्णांचे समीकरण मांडायला बंदी, त्याच समाजात त्या नावाचे प्रकरण शिकवले जात होते. शिकवले कोणाला जात होते, एवढाच प्रश्न.

याचे उत्तर एका शिलालेखात आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. निकुंभ वंशातल्या राजाने त्याला दान दिले. इ. स. १२०७ चा हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखाचा वरचा भाग संस्कृतात आहे: वंशाची, विद्येची, ग्रंथांची थोरवी. शेवटच्या काही ओळी मात्र त्या वेळच्या लोकांच्या भाषेत, जुन्या मराठीच्या वळणाच्या बोलीत आहेत. त्या ओळींत काय आहे? मठासाठी कोणी काय द्यायचे ते. बाजारातल्या मालावर इतके, तेलाच्या घाण्यावर इतके. विद्या संस्कृतात आणि देणे लोकभाषेत. ज्यांच्या घाण्याचे तेल त्या मठाच्या दिव्यात जळत होते त्यांच्या मुलांना यावत्तावत् म्हणजे काय हे त्या दिव्याखाली बसून कळण्याची सोय नव्हती. आणि घाण्याच्याही खालच्या पायरीवर जे उभे होते त्यांचा तर देणेकऱ्यांतही उल्लेख नाही.

हिशेब आपल्या लोकांना येत नव्हता असे मात्र कोणी समजू नये. गावाची शीव कुठून कुठे जाते, कोणत्या रानाचा बांध कोणाचा, हे महाराला विचारल्याशिवाय तंटा मिटत नसे. सरकारी भरणा तालुक्याला पोहोचवणारा महारच. पण वही कुलकर्ण्याच्या हाती. पंतोजीच्या शाळेत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी घोकली जात होती ती वही लिहिणाऱ्या आणि तराजू धरणाऱ्या जातींची मुले. बलुत्याचा वाटा किती पडला हे आपल्या माणसाला पुरते समजत होते. तो तेवढाच का पडला हे विचारण्याची भाषा त्याच्याजवळ नव्हती. हा फरक मी मुद्दाम सांगतो आहे, कारण अंकगणित आणि बीजगणित यांतला फरक जवळपास हाच आहे. पुढे तो उदाहरणानेच दाखवतो.

इंग्रजी अंमल आल्यावर मोठी गंमत झाली. कोलब्रुकने भास्कराचार्यांची लीलावती आणि बीजगणित १८१७ साली इंग्रजीत आणले. मराठी शाळकरी मुलाला मात्र बीजगणित मिळाले ते भास्कराचार्यांकडून नव्हे. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी १८२० च्या दशकात मुंबईत शास्त्र्यांच्या मदतीने हटन या इंग्रज गणितज्ञाची पुस्तके मराठीत उतरवली, त्यातून ते आले. म्हणजे आपल्या भूमीतले गणित आपल्याच भाषेत यायला विलायतेचा वळसा पडला. संस्कृतातून मराठीत एक पाऊल टाकायला सातशे वर्षांत पुरेशी निकड कोणाला भासली नव्हती. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ साली मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली. मॅट्रिकला अंकगणित, बीजगणित आणि युक्लिडची भूमिती हे विषय होते. तेव्हापासून बीजगणित हे नुसते ज्ञान उरले नाही, ते विद्यापीठाच्या दाराची कडी झाले. आणि धारवाडला १८५६ साली एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला तर तो नाकारला गेला होता, हे साल शेजारी ठेवून पाहा. कडी घालणारे आणि ज्यांना ओसरीवरही येऊ दिले नाही ते, एकाच दशकातले.

जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन आपण वाचतो ते प्राथमिक शिक्षणासाठी. त्यात खेड्यातल्या शाळेत काय शिकवावे याची यादी आहे: मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही पाठ. हिशेब आहे, बीजगणित नाही. काही विद्वान यावरून म्हणतात की जोतीरावांनी बहुजनांसाठी कामापुरतेच शिक्षण मागितले. त्याच निवेदनात पुढे एक मुद्दा आहे, तो त्यांनी वाचलेला दिसत नाही. मुंबई विद्यापीठाने खाजगी रीतीने अभ्यास करणाऱ्यांना मॅट्रिकला बसू देण्याची सवलत दिली होती. जोतीरावांनी तिचे स्वागत केले आणि हीच सवलत बी. ए., एम. ए. पर्यंत न्यावी अशी मागणी केली. कॉलेजात जाऊन बसण्याइतका पैसा आणि वेळ ज्याच्याजवळ नाही त्याने घरी शिकावे आणि परीक्षा मात्र तीच द्यावी, जी सरदाराचा मुलगा देतो. हलकी परीक्षा त्यांनी मागितली नाही. दार दुसरे मागितले, घर तेच. याच माणसाने १८५५ साली कामकऱ्यांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. १७ नंबरचा फॉर्म हातात धरून माझ्या वर्गात येणारा माणूस त्या मागणीचा वारस आहे.

पणदऱ्याशेजारून नीरेचा डावा कालवा जातो. १८७६-७७ च्या दुष्काळात त्याचे काम निघाले आणि १८८५ साली तो सुरू झाला. बारामती-इंदापूरचा ऊस, त्यातून उभे राहिलेले माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे कारखाने, हे सारे या पाण्यावर. कालव्याला मैलामागे किती उतार द्यायचा, पाटाची रुंदी किती धरली म्हणजे किती पाणी जाईल, हे बीजगणिताशिवाय निघत नाही. ज्यांनी ते काढले ते इंजिनिअर होते. पुण्यात १८५४ पासूनच त्यासाठी वर्ग चालू झाला होता. दुष्काळी कामावर माती वाहिली ती भुकेल्यांनी. टोपल्या मोजल्या गेल्या आणि मजुरी दिली गेली. टोपल्या मोजणे हे अंकगणित. ती मजुरी पुरे का, हा प्रश्न त्या कामावर कोणी मांडू शकला असता तर त्याला समीकरण मांडावे लागले असते.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. त्याचे नाव घेताना आपण इमारतीचे आणि प्राध्यापकांचे बोलतो. मला महत्त्वाचे वाटते ते वेळापत्रक. वर्ग सकाळी भरत, म्हणजे कचेरीत, गिरणीत, दुकानात नोकरी करणाऱ्या मुलाला आधी कॉलेज करून मग कामावर जाता यावे. आणि कॉलेज कला व विज्ञान या दोन्हींचे होते. आपल्या पोरांना नुसते पास करून नोकरीच्या रांगेत उभे करायचे असते तर प्रयोगशाळेचा खर्च कशाला? अमेरिकेत ज्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात, म्हणजे त्या त्या गावच्या नोकरदार, गरीब, वयाने वाढलेल्या माणसाला स्वस्तात पदवीच्या पायऱ्या चढता याव्यात अशी संस्था, तिचा गाभा हाच. बाबासाहेब त्या देशात शिकून आले होते. अशी कॉलेजे तिथे १९०१ पासून निघू लागली होती.

आता आपल्या काळाकडे. मॅट्रिकची अकरावी होती तेव्हा अंकगणित घेऊन बीजगणित-भूमिती टाळता येत असे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिली दहा वर्षे गणित आणि विज्ञान सर्वांना असावे असे सांगितले. महाराष्ट्रात १९७५ साली नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली आणि बीजगणित सर्वांच्या वाट्याला आले. कागदावर हा समतेचा निर्णय होता. पण खेड्यातल्या शाळेत ते शिकवायला माणूस कोण? गणिताचा पदवीधर मिळाला नाही की इतिहासाचे गुरुजी बीजगणित घेत. सूत्रे फळ्यावर उतरत, तिथून वहीत, वहीतून परीक्षेत, आणि परीक्षेतून नापासांच्या यादीत. दोन पिढ्या याच विषयावर घरी बसल्या. मग कळवळा आला. मध्यंतरी काही वर्षे ‘सामान्य गणित’ नावाचा सोपा पर्याय दिला गेला, पुढे तो बंद झाला. २०२४ साली राज्याच्या नव्या शालेय आराखड्यात सुचवले गेले की दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण पडले तरी पुढे जाऊ द्यावे, मात्र तसा शेरा गुणपत्रिकेवर राहील आणि त्या विषयांची वाट बंद होईल. नापासाच्या शिक्क्याने एका मुलाचे सारे आयुष्य अडवू नये, हे मला मान्य आहे. पण शेरा मारलेली गुणपत्रिका बहुतेक कोणत्या वस्तीत पोहोचेल हे सांगायला आकडेवारी लागत नाही.

हाच वाद अमेरिकेत याहून मोठा झाला आहे आणि तो आपण समजून घेण्यासारखा आहे. तिथल्या कम्युनिटी कॉलेजात नव्याने आलेल्यांची आधी चाचणी घेत. निम्म्याहून अधिकांना सांगितले जाई की तुम्ही कॉलेजच्या गणिताला लायक नाही. आधी प्राथमिक बीजगणित करा, मग माध्यमिक बीजगणित करा. फी भरायची, वर्षे घालवायची, आणि त्या तासांचे गुण पदवीत धरायचे नाहीत. या ओसरीवर बसवलेल्यांत काळे आणि लॅटिनो विद्यार्थी जास्त, आणि बहुतेक जण तिथूनच घरी परतत. अँड्र्यू हॅकर नावाच्या प्राध्यापकाने २०१२ साली वृत्तपत्रात जाहीर विचारले की बीजगणित हवेच कशाला? त्याचा हेतू वाईट नव्हता. कॅलिफोर्नियाने दुसरा मार्ग धरला. २०१७ साली कायदा करून ओसरी जवळजवळ काढून टाकली. विद्यार्थ्याला सरळ पदवीच्या दर्जाच्या गणिताला बसवायचे आणि त्याच वेळी जोडीला मदतीचा तास द्यायचा. पहिल्या वर्षातच ते गणित पुरे करणाऱ्यांची संख्या पुष्कळ वाढली. काळ्या-गोऱ्यांतले अंतर मिटले नाही, हेही खरे. तरी एवढे सिद्ध झाले की ज्यांना नालायक ठरवून वर्षानुवर्षे बाहेर ठेवले त्यांतले अनेक जण मुळात नालायक नव्हतेच. आपल्याला यात नवे काय?

रॉबर्ट मोझेस हे नाव मात्र आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. दलित पँथरने काळ्यांच्या चळवळीकडून नाव घेतले, कविता घेतली, आवेश घेतला. मोझेसचे बीजगणित घ्यायचे राहून गेले. हा हार्लेमचा काळा तरुण न्यूयॉर्कमध्ये गणिताचा शिक्षक होता. नोकरी सोडून तो १९६१ साली मिसिसिपीत गेला आणि मतदार नोंदणीचे काम करू लागला. तिथे काळ्या माणसाला नाव नोंदवायचे तर राज्यघटनेचे एखादे कलम वाचून त्याचा अर्थ सांगावा लागे, आणि अर्थ बरोबर की चूक हे गोरा अधिकारी ठरवी. मार खाल्ला, तुरुंगात गेला, पण मोझेस हटला नाही. पुढे काही वर्षे टांझानियात शिकवून तो परतला. १९८२ मध्ये त्याच्या लक्षात आले की आपल्या मुलीच्या शाळेत आठवीला बीजगणित शिकवतच नाहीत. तो स्वतः वर्गात जाऊन शिकवू लागला, त्यातून ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ निघाला. २०२१ साली वारला तोवर तो हेच सांगत होता: १९६० च्या दशकात काळ्या कुळाला मत नव्हते, आज ज्याला बीजगणित नाही तो यंत्रयुगातला कूळच आहे, म्हणून बीजगणित हा नागरी हक्क आहे.

त्याची रीत साधी होती. मुलांना बॉस्टनच्या भुयारी रेल्वेतून फिरवून आणायचे. मग प्रवासाचे चित्र काढायला सांगायचे. मग घरच्या बोलीत त्याविषयी बोलायचे. मग त्या बोलण्यातून नेमके शब्द वेगळे करायचे. आणि शेवटी, अगदी शेवटी, चिन्हे. आपल्या शाळा नेमक्या उलट टोकाने सुरू करतात.

पणदऱ्यात भुयारी रेल्वे नाही, बारामती-नीरा एस. टी. आहे. मी पणदरे हे शून्य धरतो. कोऱ्हाळे, वडगाव निंबाळकर, नीरा ही एका अंगाला, ती धन. माळेगाव, बारामती दुसऱ्या अंगाला, ती ऋण. कोणी किती थांबे गेला आणि कोणत्या दिशेने, एवढ्यावर बेरीज-वजाबाकी उलगडते. गुणाकारापाशी मात्र गाडी थांबली. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हे सांगितल्यावर कंपनीत रात्रपाळी करणारा एक जण म्हणाला, “सर, ऋण म्हणजे कर्जच ना? मग कर्ज गुणिले कर्ज धन कसं होईल? आमच्या घरी दोन कर्जं एकत्र आली की तिसरं जन्मतं.” सगळा वर्ग हसला. पण प्रश्न खोटा नव्हता. धन आणि ऋण हे शब्द आपल्या गणितात हजार वर्षांहून अधिक काळ संपत्ती आणि कर्ज याच अर्थाने आलेले आहेत. मी म्हटले, सावकाराच्या वहीत तुमच्या नावावर दोनशे-दोनशेच्या तीन खोट्या नोंदी आहेत. दोनशेची नोंद म्हणजे ऋण दोनशे. तिन्ही खोडल्या, म्हणजे ऋण तीन वेळा लिहिल्या. तुम्ही कुठे आलात? “सहाशेनं वर.” त्यानंतर तो नियम कोणी विसरले नाही.

समीकरण शिकवताना उचल घ्यावी लागली. हंगामात पणदऱ्याच्या आसपास ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या पडतात. वर्गातल्या एका बाईचे माहेर बीडकडचे, तिचे भाऊ-भावजय दरवर्षी तोडीला येतात. नवराबायको मिळून एक कोयता. एकटे माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि तोडून फेडायची. आम्ही सोयीचे आकडे धरले. उचल ६०,०००. कोयत्याची तोड दिवसाला २ टन, टनाला ३५० रुपये दर, म्हणजे रोजचे ७००. त्यातले २०० खर्चीला जातात. राहिले ५००. अंकगणिताने उत्तर निघाले: १२० दिवस. हंगाम १०० दिवसांत आटोपला तर १०,००० अंगावर, आणि ते फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा याच मुकादमाकडे. हे उत्तर त्या बाईला आधीपासून ठाऊक होते. तिच्या भावाला ते दर वर्षी ऐकवले जाते.

मग मी म्हटले, आता दिवस ठरलेले धरा. हंगाम १०० दिवसांचाच. उचल तीच, तोड तीच, खर्ची तीच. न कळणारी गोष्ट एकच: दर. त्याला क्ष म्हणा. १०० दिवसांत ६०,००० फिटायचे तर रोज ६०० उरले पाहिजेत. म्हणजे २क्ष वजा २०० बरोबर ६००. क्ष बरोबर ४००. त्या बाईने उत्तर काढले आणि वहीकडे पाहत राहिली. आजवर दर हा वरून सांगितला जाणारा आकडा होता; त्यालाच अज्ञात धरून त्याची किंमत काढता येते, आणि ती किंमत साडेतीनशे नाही तर चारशे येते, हे तिने पहिल्यांदा पाहिले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारले, “खर्ची दोनशेच का धरायची, सर? पोरं बरोबर असतात. तिला पण क्ष धरलं तर?” दोन अज्ञात झाले म्हणजे एक समीकरण पुरत नाही, दुसरे लागते, असे मी सांगितले. दुसरे कुठून आणायचे यावर त्या दिवशी वर्गात बराच वेळ बोलणे चालले. भास्कराचार्यांच्या भाषेत आम्ही अनेकवर्णसमीकरणाला येऊन पोहोचलो होतो. अभ्यासक्रमाच्या हिशेबाने तो धडा पुढच्या महिन्यातला होता. तो मी दुसऱ्या दिवशी घेतला.